राखण देतो म्हणून मालक?

कुडाळकडच्या आमच्या गावात जमिनीला आधी राखणदार, मग मालक. भातकापणी उरकली की मेरेवरच्या दगडाला नारळ-कोंबडा देऊन गाऱ्हाणं घालायचं. ही राखण आजोबांपासून आमच्याच घराकडे. त्यामुळे जमीन कोणाची, हे गावात कधी विचारावं लागलं नाही. 'खालचो कुणगो तुमचो, वरची काजी आमची' ही चुलत्यांशी झालेली वाटणीही तोंडीच.

सातबाऱ्यावर मात्र आजोबा वारल्यावरही तेच राहिले. मग मुंबईच्या चुलतभावांनी वारस नोंद करून घेतली आणि आपला अविभक्त हिस्सा परस्पर विकला. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे सहहिस्सेदाराला तसं करता येतं, घेणाऱ्याला वाटप मागता येतं. आम्ही पिढ्यान् पिढ्यांच्या वहिवाटीचा दाखला दिला. वकिलांनी समजावलं, एका सहहिस्सेदाराचा ताबा सर्वांचाच धरतात. नुसती वर्षं मोजून तो एकट्याचा होत नाही.

खरी गंमत पुढेच. घेणाऱ्याने गाऱ्हाणं घालणाऱ्या गावकरांना गाठून पहिल्याच वर्षी स्वतः राखण दिली, आणि गाव त्यालाच मालक म्हणू लागलं! आमच्याच न्यायाने, दुसरं काय.

तेव्हा घरातलं माणूस गेलं की दिवसकार्य आटोपून तलाठ्याकडे जा. महसूल संहितेत वारस कळवायला तीन महिन्यांची मुदत आहे. बहिणींची नावं घालाच. गाळल्याने त्यांचा हक्क बुडत नाही, भांडण तेवढं पुढच्या पिढीवर ढकललं जातं. फेरफाराची नोटीस आली तर वाचल्याशिवाय सही नको. आणि सातबारा म्हणजे मालकीचा शेवटचा पुरावा, हाही भ्रमच. तो मुळात महसुलाचा कागद, म्हणून जुनी खरेदीखतं, वाटपपत्रं जपा. तोंडी वाटणी असेल तर सगळे एकमताचे आहेत तोवरच महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडून वाटप करून घ्या, मग मोजणी.

मोजणीच्या आधी मात्र गाऱ्हाणं घालणाऱ्या म्हाताऱ्याला घेऊन शिवारात फिरा. पाणंद कुठून जायची, व्हाळाचं पाणी आधी कोणाच्या कुणग्यात, हे आमच्या सातबाऱ्यावर कुठेच नव्हतं. आमच्या गावकरांना ते तोंडपाठ. त्यांनी सांगितलेली वाट आम्ही वाटपपत्रात रुंदीसकट लिहून घेतली. नव्या मालकानेही त्यावर सही केली.