गेटच्या आतला धोका

ॲसिडचा टँकर रस्त्यावर असतो तोवर सगळ्यांना धास्ती असते. तो कारखान्याच्या गेटातून आत आला की ड्रायव्हर, ट्रान्सपोर्टवाले आणि स्टोअरवाले सगळेच सुटकेचा निःश्वास टाकतात. आदिलाबाद भागात रसायनांच्या वाहतुकीत आयुष्य गेल्यावर मी सांगतो, सर्वांत जास्त डोळे उघडे ठेवायचे ते त्या घडीलाच.

जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या एका कारखान्यात मी उभा असताना घडलेली गोष्ट. विशाखापट्टणम बंदरातून सल्फ्युरिक ॲसिड घेऊन टँकर पहाटे पोचला. ड्रायव्हर रात्रभर चालवून आलेला, हिंदीशिवाय भाषा येत नाही. पाळी बदलायची वेळ. ठेकेदाराच्या नव्या पोराने तेलुगूत काहीतरी सांगत एका पाइपाकडे बोट दाखवलं. शेजारी शेजारी दोन पाइप, दोन्ही गंजलेले, पाट्या कधीच्या गळून पडलेल्या. ड्रायव्हरने होज जोडायला घेतला, तेवढ्यात एक जुना ऑपरेटर धावत आला. ‘‘थांब, आधी बिल्टी दाखव!’’ बोट दाखवलेला पाइप सोडियम हायपोक्लोराइटच्या टाकीचा होता.

ॲसिड त्या टाकीत गेलं असतं तर क्लोरीन वायू सुटला असता. क्लोरीन हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकत जाणारा. वस्ती कुंपणाला लागून होती. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या ॲचिसन गावी नेमकं हेच झालं. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी तिथे टँकरमधलं सल्फ्युरिक ॲसिड हायपोक्लोराइटच्या टाकीत उतरलं आणि १४० हून अधिक लोकांना दवाखाना गाठावा लागला. तिथेही दोन्ही पाइपांची तोंडं जवळजवळ होती.

एकत्र येऊ नयेत अशा वस्तू एकत्र आल्या की काय होतं, हे मुंबईने फार आधी भोगलं आहे. एप्रिल १९४४ मध्ये ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजात दारूगोळा होता आणि कराचीत त्यावर कापसाच्या गाठीही चढवल्या होत्या. १४ एप्रिलला व्हिक्टोरिया डॉकमध्ये माल उतरवतानाच आग लागली. स्फोटांत शेकडो माणसं गेली, ६६ अग्निशामक जवानही गेले. आमचा जिल्हा कापसाचा. गाठ एकदा आतून पेटली की विझवणं किती कठीण, ते इथल्या जिनिंगवाल्यांना सांगायला नको.

म्हणून काही गोष्टी कळकळीने सांगतो.

माल भरण्याआधी टँकरमध्ये मागच्या खेपेला काय होतं ते विचारा. गाडीवरच्या पाटीचा यूएन क्रमांक बिल्टीशी जुळवा : सल्फ्युरिक ॲसिड १८३०, हायड्रोक्लोरिक १७८९, हायपोक्लोराइट १७९१, कॉस्टिक सोड्याचं द्रावण १८२४. जुन्या मालाची पाटी तशीच ठेवली तर अपघातात अग्निशामक दल फसतं. ट्रेम कार्ड, म्हणजे अपघातात काय करायचं ते सांगणारं पत्रक, केबिनमध्ये हाताशी हवं, आणि त्यातला मजकूर ड्रायव्हरला त्याच्या भाषेत समजावून सांगितलेला हवा. धोकादायक माल वाहणाऱ्या ड्रायव्हरला तीन दिवसांचं प्रशिक्षण कायद्याने लागतं. ते कागदापुरतं राहू देऊ नका.

रस्त्यात गळती दिसली तर गाडी वस्तीपासून आणि कापसाच्या गाड्यांपासून दूर उभी करा, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला लांब व्हा, ११२ ला फोन लावा. तीव्र ॲसिडवर कोणालाही बादलीने पाणी ओतू देऊ नका; ते उकळून अंगावर उडतं. माती-वाळूचा बांध घालून ते नाल्याकडे जाण्यापासून रोखायचं, तेही माहीतगार माणसांनी आणि योग्य कपडे घालूनच.

कारखान्यात आल्यावर प्रत्येक टाकीच्या पाइपाला वेगळं कुलूप हवं आणि किल्ली ऑपरेटरच्या खिशात. शक्य असेल तर दोन रसायनांची कपलिंग वेगळ्या मापाची बसवा, म्हणजे चुकीचा होज बसणारच नाही. पाट्या तेलुगू, मराठी आणि हिंदीत लिहा. बिल्टी, गाडीवरची पाटी, टाकीवरचं नाव आणि नमुन्याची चाचणी, चारही जुळल्यावरच कुलूप उघडायचं. टाकीत जागा किती शिल्लक आहे ते आधी बघा. चाकांना गुटके लावा, गाडीची चावी काढून घ्या. माल उतरत असताना ड्रायव्हर आणि ऑपरेटर दोघांनीही जागा सोडायची नाही. सेफ्टी शॉवरला पाणी येतं का, तेही आधी पाहून घ्यायचं. होज सोडण्यापूर्वी त्यातला दाब उतरवा. होज सोडताना भाजण्याचे प्रकार होतात.

मालकांना एक विनंती. थकलेल्या ड्रायव्हरला पहाटे घाईने गाडी खाली करायला लावू नका. शंका आली तर टँकर उभा राहू द्या, खोळंब्याचे पैसे भरा. आणि काम थांबवण्याचा हक्क ठेकेदाराच्या सर्वांत नव्या पोरालाही लेखी द्या. त्याने विनाकारण थांबवलं असं नंतर दिसलं तरी त्याला कोणी बोलायचं नाही, कारण एकदा बोलणी खाल्लेला माणूस पुढच्या वेळी गप्प बसतो.