आधी डाग, मग ढग

तुझा मृग नक्षत्राचा फोटो पाहिला गं. एम ४२ तेजोमेघ झकास आलाय, पण बाकीचं आभाळ इतकं काळंकुट्ट करून टाकलंयस की तिथे काही होतं की नव्हतं हे विचारायचीही सोय ठेवली नाहीस. पैठणी घेताना पदर उलटा करून वीण बघतेस ना, तसा आता फोटोही उलटा करून बघायला शीक. काळ्यावरचा अंधूक उजेड नजरेतून निसटतो, तोच पांढऱ्यावर करडा झाला की चटकन सापडतो. हे काही माझं खूळ नाही. काचेच्या प्लेटांच्या काळात खगोलशास्त्रज्ञ निगेटिव्हच बघत बसायचे. घे लिहून.

१. उलटं बघायला, सुलटं मिरवायला — म्हणून मूळ फाइलला हात न लावता तिची प्रत उलटव. सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये नुसतं निगेटिव्ह दाखवायचं बटण आहे, त्याने फाइल तशीच राहते, फोटोशॉपमध्ये कंट्रोल-आय.

२. उलटवण्याआधी रंग काढून टाक — लाल तेजोमेघ उलटला की निळा-हिरवा होतो आणि तू त्या रंगांच्याच कौतुकात रमतेस. मृगात तर नुसता लाल चॅनल वेगळा काढून उलटव — हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा प्रकाश त्यातच उतरलेला असतो.

३. हिस्टोग्रामचा डोंगर डाव्या भिंतीला टेकवू नकोस — तिथे जे कापलं गेलं ते उलटवूनही परत येत नाही. उलट्या चित्रात आभाळ फिकट करडं हवं. कोऱ्या कागदासारखं पांढरंफेक झालं, तर अंधूक मेघ तूच पुसलास असं समज.

४. सोळा बिटांतच काम कर, जेपेग अगदी शेवटी — आठ बिटांत अंधारापासून उजेडापर्यंत सगळ्या मिळून २५६ पायऱ्या असतात, आणि तुझा मेघ त्यातल्या दोन-तीन पायऱ्यांवर बसलेला. मेघ उजळवायला छटा ताणल्यास की मेघाऐवजी पट्टे दिसतात.

५. ताणायचं ते थोडं थोडं, आणि दर वेळी उलटवून बघायचं. दोर ताणला तर तुटतो, चित्र ताणलं तर खोटं बोलतं.

६. चित्र पाव आकाराचं करून बघ — मोठा, विरळ मेघ जवळून कधीच दिसत नाही, नुसती दाणेदार रवाळी दिसते. चार पिक्सेलांचा एक केलास तरी ती रवाळी निम्म्यावर येते.

७. लॅपटॉपचा पडदा आधी पूस, मग चेहऱ्यासमोर सरळ धर — काही पडद्यांवर मान जरा कलली की करड्या छटा बदलतात. एका पोराने बोटाच्या ठशाला तेजोमेघ ठरवलेलं मी पाहिलंय. नाव सांगणार नाही, तो आता बरा फोटो काढतो.

आता नाजूक भाग. उलटं चित्र मेघ दाखवतं, तितक्याच उदारपणे तुझ्या भिंगावरची धूळही दाखवतं. म्हणून माझ्या घरची म्हण: आधी डाग ओळखावा, मग ढग.

८. फ्लॅट्स, म्हणजे सारख्या उजेडाचे कोरे फोटो, त्याच रात्री घे, कॅमेरा न काढता आणि फोकस न हलवता — धुळीची सावली जिथे पडली तिथेच ती फ्लॅटमध्येही पडली पाहिजे. नळीवर पांढरा टी-शर्ट ताणून बसवला तरी काम भागतं.

९. उलट्या चित्रात उजळ मेघ गडद दिसतो आणि कृष्णमेघ फिका, हे पक्कं घोकून ठेव. मृगातलं अश्वमुख हे कृष्णमेघच, तिथे पांढरं दिसेल, कारण ते आयसी ४३४ तेजोमेघाच्या उजेडासमोर उभं आहे. पण धुळीची कडीही तशीच फिकी दिसते — म्हणून नीटस गोल, मधे भोक असलेला ‘कृष्णमेघ’ सापडला तर पेढे वाटू नकोस.

१०. चारी कोपरे गडद दिसले तर फ्लॅट जास्त लागू झालाय, मधला भाग गडद दिसला तर कमी. ब्रह्मांडाला तुझ्या फोटोचा मध्यबिंदू ठाऊक नसतो.

११. मृगाच्या बाणातल्या तीन ताऱ्यांपैकी अश्वमुखाजवळच्या तेजस्वी ताऱ्याभोवती कंपासने काढल्यासारखं वर्तुळ आलं, तर ते फिल्टरमधलं प्रतिबिंब — मेघ कंपास वापरत नाहीत. त्याच ताऱ्याला खेटून असलेला एनजीसी २०२४ मेघ मात्र खरा. घाईघाईत त्यालाही झाडून टाकशील.

१२. शहराच्या दिव्यांचा उतार काढून टाकणारं साधन वापरताना नमुन्याचे ठिपके कुठे पडताहेत ते उलट्या चित्रावर तपास. मृगातली बार्नार्डची कमान, म्हणजे तो लांबच लांब अंधूक मेघ, दहा अंशांच्या घरातली आहे, तुझ्या लेन्सच्या चौकटीत तिचा नुसता तुकडा येतो — ठिपका तिच्यावर पडला की ते साधन तिलाच दिव्यांचा उजेड समजून खाऊन टाकतं. ठिपके थोडे ठेव, आणि जिथे उलटं चित्र सर्वांत फिकं आहे तिथेच ठेव.

१३. शंका असेल तर पुढच्या रात्री कॅमेरा नव्वद अंश फिरव — कॅमेऱ्याबरोबर जे फिरलं ते कॅमेऱ्याचं, ताऱ्यांबरोबर जे राहिलं ते आभाळाचं. याहून स्वस्त परीक्षा मला तरी माहीत नाही.

१४. दोन रात्रींच्या फ्रेम्स वेगवेगळ्या रचून दोन्ही उलटव — दोन्हींत तोच आकार आला तरच बोल. एकीत आलेला बहुधा पातळ ढग असतो, किंवा लेन्सवरचं दव. थंडीत वांगणीसारख्या ठिकाणी पहाटेकडे दव फार पडतं, लेन्सला गरम पट्टा बांधायला आळस करू नकोस.

१५. तारे काढून टाकणारं स्टारनेट वापर, मेघ मोकळा दिसतो. पण ताऱ्यांसकटचं उलटं चित्र शेजारी उघडं ठेव — तारा गेला तरी त्याची खूण मागे राहते आणि ती इवल्या मेघाचं सोंग घेते.

१६. जुन्या प्लेटांना विचारल्याशिवाय काही जाहीर करू नकोस. पालोमारच्या ४८ इंची श्मिट दुर्बिणीने १९४९ ते १९५८ मध्ये आकाश टिपलं, आणि त्या प्लेटांच्या प्रती जगभरच्या वेधशाळांत गेल्या त्या निगेटिव्ह रूपातच. त्या बघूनच शार्पलेस नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने १९५९ साली ३१३ तेजोमेघांची यादी केली आणि बेव्हर्ली लिंड्सने १९६२ साली कृष्णमेघांची. तू ज्या कमानीला शार्पलेस २-२७६ म्हणतेस तो आकडा त्याच यादीतला. अलादीन या सॉफ्टवेअरमध्ये त्या प्लेटा फुकट उघडतात — तुझं चित्र त्याच दिशेला वळवून शेजारी लाव.

१७. जुन्या प्लेटेवर नाही म्हणून लगेच पुसूही नकोस हं. जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेत केंटकीच्या जे मॅक्नील नावाच्या हौशी निरीक्षकाला तीन इंची दुर्बिणीच्या फोटोत मृगातल्याच एम ७८ मेघाजवळ एक ठिपूस दिसलं, जे त्याला जुन्या चित्रांत सापडलं नाही. डाग म्हणून त्याने ते सोडलं नाही. एक कोवळा तारा अचानक उजळला होता आणि भोवतालचा मेघ त्याने उजळवला होता. आज तो मेघ मॅक्नीलच्याच नावाने ओळखतात.

१८. मेघ खरा ठरला की उलट्या चित्रावरून मास्क बनव आणि सुलट्यात तेवढाच भाग हलक्या हाताने उचल. जिथे दिसलं तिथे उजळव. जिथे दिसावंसं वाटलं तिथे ब्रश नेऊ नकोस — मला कळतं, आणि बघणाऱ्या इतरांनाही कळतं.

१९. एवढं करून काहीच दिसलं नाही, तर सॉफ्टवेअरशी भांडू नकोस, फ्रेम्स वाढव — रवाळीच्या तुलनेत मेघ दुप्पट ठसठशीत व्हायला चौपट वेळ द्यावा लागतो. आणि तुझा कॅमेरा अजून दुकानातून आणला तसाच आहे. त्याच्या आतला फिल्टर हायड्रोजनचा बराचसा लाल उजेड अडवतो, त्यामुळे कमान अंधूकच येणार.

२०. फ्रेम्सच्या मधे कॅमेरा थोडा इकडेतिकडे सरकत राहील असं डिदरिंग लावून ठेव — नाहीतर सेन्सरची खोड सगळ्या फ्रेम्समध्ये रांगेने चालत जाते आणि उलट्या चित्रात पावसाच्या तिरक्या सरी दिसतात.

मार्च सरेपर्यंत मृग रात्री लवकर पश्चिमेला कलतो, म्हणजे फेब्रुवारीची अमावास्याच धरायला हवी. या खेपेला एम ४२ सोड, तो कुठे पळत नाही. एम ७८ घे आणि कमानीचा तुकडा चौकटीत येईल असा कॅमेरा वळव. फोटो पाठवशील तेव्हा उलटा आधी पाठव, आणि सोबत एक फ्लॅटही.