सातासमुद्रापारची सप्तपदी

मंगलाष्टके संपतात, अंतरपाट दूर होतो, अक्षतांचा वर्षाव होतो आणि 'लग्न लागले' असे आपण म्हणतो. मांडव सांगलीत असला किंवा साताऱ्यात असला, तर या वाक्याची शहानिशा करण्याची वेळ सहसा येत नाही. परंतु अलीकडे काही मांडव इटलीतील कोमो सरोवराच्या काठी किंवा थायलंडमधील फुकेतच्या वाळूत पडू लागले आहेत. हौसेला मोल नसते हे खरे. तथापि अशा समारंभात कायद्याच्या दृष्टीने लग्न नेमके केव्हा आणि कोणत्या देशात लागते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

आंतरराष्ट्रीय खाजगी विधी या विषयात विवाहाचे दोन भाग पाडले जातात. विवाह कोणत्या पद्धतीने लावावा, हे सामान्यतः विवाहस्थळाचा कायदा ठरवितो. वधूवर एकमेकांशी लग्न करण्यास पात्र आहेत की नाहीत, हे मात्र त्यांच्या अधिवासाचा, म्हणजे ज्या देशात त्यांचे कायमचे घर आहे तेथील कायदा ठरवितो. ही विभागणी स्पष्ट झाली ती एका दुःखद खटल्यामुळे. इंग्लंडमध्ये मृत पत्नीच्या बहिणीशी लग्न करण्यास त्या काळी बंदी होती; 1835 च्या कायद्याने तर असे विवाह सरळ रद्दबातल ठरविले होते. डेन्मार्कमध्ये अशी बंदी नव्हती. तेव्हा 1850 मध्ये एक इंग्रज विधुर आपल्या मेव्हणीला घेऊन डेन्मार्कला गेला, तेथील रिवाजाप्रमाणे विधिपूर्वक लग्न करून परत आला आणि संसाराला लागला. पुढे पती आणि पत्नी दोघेही वारल्यावर मिळकतीचा वाद उभा राहिला. 1861 साली 'ब्रूक विरुद्ध ब्रूक' या निर्णयात हाऊस ऑफ लॉर्ड्सने सांगितले की डेन्मार्कची पद्धत कितीही निर्दोष असो, पात्रता इंग्लंडच्या कायद्याने पाहावयाची आणि त्या कायद्याने हा विवाह झालेलाच नाही. मुले अनौरस ठरली. परदेशी जाऊन केलेल्या लग्नाची किंमत ज्यांनी लग्न केले त्यांनी नव्हे, तर त्यांच्या लेकरांनी मोजली. (इंग्लंडने ही बंदी 1907 मध्ये उठविली. त्या मुलांना त्याचा काय उपयोग?)

आपल्याकडे अशा पेचाचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामेबहिणीशी लग्न ही मोठ्या कौतुकाची गोष्ट आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात हे नाते निषिद्ध नात्यांत येते, परंतु रूढी असल्यास अपवाद आहे. म्हणजे रूढी हाच अशा लग्नाचा आधार. परक्या देशातील नोंदणी अधिकाऱ्याला आपली रूढी कशी पटवून द्यावयाची, याचा विचार तिकिटे काढण्यापूर्वी केलेला बरा.

आता प्रत्यक्ष परदेशाकडे वळू. थायलंडमध्ये लग्न म्हणजे जिल्हा कार्यालयातील नोंदणी. भिक्षूंचे आशीर्वाद असोत वा समुद्रकिनाऱ्यावरील होमहवन असो, नोंदवहीत नाव चढल्याखेरीज तेथील कायदा त्या दोघांना पतिपत्नी मानीत नाही. इटलीत परदेशी नागरिकाला आपल्या देशाच्या अधिकाऱ्याकडून 'विवाहास हरकत नाही' असे प्रमाणपत्र आणावे लागते. त्याला तेथे 'नुल्ला ओस्ता' म्हणतात. नगरपालिकेचा अधिकारी वधूवरांना पतिपत्नींच्या हक्क-कर्तव्यांची कलमे वाचून दाखवितो आणि त्यांना इटालियन येत नसल्यास दुभाषी लागतो. आपल्याबरोबर नेलेल्या भटजीबुवांनी लावलेल्या लग्नाला त्या वहीत आपोआप जागा मिळत नाही. इंडोनेशियात आणखी वेगळी तऱ्हा! तेथील 1974 चा कायदा विवाहाची वैधता धर्मविधीवर सोपवितो, त्यामुळे भिन्नधर्मीय जोडप्यापुढे बालीत मोठीच अडचण उभी राहते. फ्रान्समध्ये तर दोघांपैकी एकाचे किमान महिनाभर वास्तव्य लागते. आठ दिवसांच्या सहलीत ते बसणार कसे?

मग भारतीय वकिलातीत लग्न लावता येणार नाही काय? येते. त्यासाठी संसदेने 1969 साली परदेशी विवाह कायदा केला. दोघांपैकी एक तरी भारतीय नागरिक असावा, वराचे वय एकवीस व वधूचे अठरा पूर्ण असावे, कोणाचाही पूर्वीचा जोडीदार हयात नसावा, या त्यातील मुख्य अटी. मात्र नोटीस देण्यापूर्वी दोघांपैकी एकाने त्या विवाह अधिकाऱ्याच्या हद्दीत सलग तीस दिवस राहिलेले असले पाहिजे. नोटीस प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी पुन्हा तीस दिवस. आणि लग्न लागणार ते अधिकाऱ्याच्या सरकारी वास्तूत, दारे उघडी ठेवून, तीन साक्षीदारांसमक्ष. समुद्राच्या लाटा आणि सूर्यास्त यांची कायद्यात तरतूद नाही! हा कायदा परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांसाठी आहे, चार दिवसांच्या वऱ्हाडासाठी नव्हे, हे उघड आहे. स्थानिक कायद्याप्रमाणे झालेल्या विवाहाची नोंद वकिलातीत करण्याची सोय याच कायद्याच्या सतराव्या कलमात आहे. परंतु त्यासाठी मुळात स्थानिक कायद्याप्रमाणे लग्न झालेले हवे.

या साऱ्या कटकटीवर सल्ला देणारे सर्रास एक तोडगा सांगतात: 'आधी इथे नोंदणी करून टाका, मग तिकडे हौस करा.' सल्ला चांगला आहे, पण अर्धवट आहे आणि माझ्या मते खरा धोका इथेच दडलेला आहे. 'नोंदणी' या एकाच शब्दाखाली आपण दोन निरनिराळ्या गोष्टी बोलतो. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली विवाह अधिकाऱ्यासमोर जे होते तो प्रत्यक्ष विवाहच असतो. अधिकारी आणि साक्षीदार यांच्यासमक्ष दोघांनी एकमेकांचा स्वीकार केल्याचे उच्चारले की लग्न लागले. हिंदू विवाह कायद्याच्या आठव्या कलमाखालील नोंदणी मात्र आधी लागलेल्या लग्नाचा केवळ पुरावा होय. लग्नच लागले नसेल, तर पुरावा कशाचा? सातव्या कलमाप्रमाणे वधू किंवा वर यांपैकी एकाकडील रूढ विधी झाले पाहिजेत. सप्तपदी हा त्यातला विधी असेल, तर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. 2024 साली सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. व्हिसासारख्या कामासाठी आधी प्रमाणपत्र घेऊन ठेवण्याच्या प्रथेवर न्यायालयाने टीका केली आणि विधी न झालेल्या त्या जोडप्याचे प्रमाणपत्र व नोंदणी दोन्ही रद्दबातल ठरविली.

विधींचा हा आग्रह जुनाच आहे. 1965 मध्ये महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका खटल्यात नवऱ्याने गांधर्व पद्धतीने दुसरे लग्न केले होते. होम नाही, सप्तपदी नाही. दुसरे लग्न विधिपूर्वक लागल्याचे सिद्ध होत नाही, म्हणून द्विभार्येचा गुन्हाही घडला नाही, असा निर्णय झाला आणि नवरा सुटला. पहिल्या पत्नीला काय वाटले असेल, हे निकालपत्रात लिहिलेले नसते.

यात खरी झळ स्त्रीलाच अधिक लागते. पोटगी, वारसा, नवऱ्यामागून परदेशी जाण्याचा परवाना, या प्रत्येक ठिकाणी 'लग्न सिद्ध करा' असे तिलाच सांगितले जाते. कोणत्या कायद्याखाली लग्न झाले, याला पुढे घटस्फोटातही महत्त्व येते. तिरुपतीस झालेल्या एका हिंदू विवाहाचा घटस्फोट नवऱ्याने अमेरिकेतील मिसुरी राज्यात मिळविला होता. ज्या कायद्याखाली विवाह झाला त्यात नसलेल्या कारणावर दिलेला हा हुकूमनामा भारतात चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये ठरविले. छायाचित्रांचा सुबक आल्बम आणि हॉटेलची बिले एवढ्यावर तिने कोर्टाची पायरी चढावी काय?

हिंदू विवाह कायदा भारतात अधिवास असलेल्या हिंदूंच्या पाठोपाठ परदेशातही जातो, हे पहिल्याच कलमात नमूद आहे. त्यामुळे फुकेतमधील सप्तपदी निरर्थक ठरते असे म्हणता येत नाही. पण स्थानिक कायद्याची पद्धत पाळलेली नसेल, तर वादाला जागा राहते, आणि वाद कोणी उकरून काढतो तो नेमका संसार मोडल्यावर. त्यापेक्षा घरच्या देवापुढे चार माणसांत विधी उरकून त्यांची नोंद करावी, नाही तर विशेष विवाह कायद्याखाली लग्न लावावे. दोघेही हिंदू असल्यास 1976 च्या दुरुस्तीमुळे विशेष विवाह कायद्याने हिंदू वारसाहक्कही बदलत नाही, तेव्हा ती जुनी भीती मनातून काढून टाकण्यास हरकत नाही.

विशेष विवाह कायद्याचा मार्ग पत्करणाऱ्यांनी दिवसांचा हिशेब मात्र नीट मांडावा. नोटिशीपूर्वी दोघांपैकी एकाचे जिल्ह्यात तीस दिवस वास्तव्य, मग हरकतींचे तीस दिवस, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही तर ती बाद होऊन सारे पुन्हा पहिल्यापासून. पत्रिका छापावयास टाकणे आणि विमानाची तिकिटे काढणे ही कामे त्यानंतरची.