जुनं ते सोनं, पण घासू नका!

टी.ओ.एम.च्या ओरलला सरांनी विचारलं, "रॅचेट आणि पॉल कुठे वापरतात?" मी म्हटलं, "सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये." "आणखी?" मी गप्प. "रिव्हॉल्व्हरमध्ये. जा, वाचून ये." वाचायला बसलो आणि मेकॅनिझमवरून थेट जुनी रिव्हॉल्व्हरं जमवणाऱ्यांच्या दुनियेत जाऊन पोचलो.

आधी मेकॅनिझम. घोडा मागे ओढला की त्याला जोडलेला पॉल सिलिंडरच्या मागच्या रॅचेटचा एक दात ढकलतो. कप्पे सहा, म्हणून सिलिंडर बरोबर ६० अंश फिरतो. मग खालून एक खिट्टी खाचेत बसते आणि कप्पा नळीसमोर पक्का होतो. म्हणजे आपलं इंडेक्सिंगच की! अमेरिकेच्या सॅम्युएल कोल्टने १८३६ मध्ये आपल्या रिव्हॉल्व्हरचं पेटंट तिथे घेतलं. त्याआधी १८३० साली, सोळा वर्षांचा असताना, तो कलकत्त्याच्या जहाजावर खलाशी होता. त्याच सफरीत त्याने याचं लाकडी मॉडेल कोरलं, असं सांगतात.

कोल्टचा पहिला कारखाना १८४२ मध्ये बंद पडला. मग मेक्सिकोशी युद्ध सुरू असताना कॅप्टन सॅम्युएल वॉकरच्या सूचनांवरून नवं मॉडेल ठरलं आणि सरकारने १००० नगांची ऑर्डर दिली. हेच १८४७ चं 'वॉकर कोल्ट'. नळी ९ इंच, वजन जवळजवळ २ किलो! सैन्याचे १००० आणि बाहेर विकायचे साधारण १००, एवढेच बनले. पण दारू जास्त मावायची, त्यामुळे काही सिलिंडर फुटले. गोळी झाडल्यावर नळीखालची भरायची दांडीही धक्क्याने खाली यायची. पुढच्या 'ड्रगून' मॉडेलमध्ये कोल्टने सिलिंडर आखूड केला, नळी साडेसात इंचांवर आणली आणि दांडीला कडी लावली. आपण याला डिझाइन मॉडिफिकेशन म्हणतो.

आता गंमत बघा. मुळात नग थोडे, त्यात काही फुटले, काही हरवले. म्हणून आज शिल्लक वॉकर अंदाजे दोनशेच्या आतच आहेत. एक उत्तम नग २०१८ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात १८ लाख डॉलरच्या वर गेला!

असा नग हातात आला की जाणकार काय बघतो? एक, सुट्या भागांवरचे नंबर जुळतात का. सैन्याच्या नगांवर ए ते ई अशी कंपनीची अक्षरं असतात. दोन, सिलिंडरवर रोलरने उठवलेलं लढाईचं चित्र दिसतं का. वापरात ते झिजून जातं. तीन, वस्तू कोणाकडून कोणाकडे आली याचे कागद. आणि चार, मूळ पृष्ठभाग शाबूत आहे का. कोणी हौसेने घासूनपुसून चकचकीत केलं असेल, तर किंमत धाडकन खाली! शिवाय नकली मालही भरपूर, त्यामुळे नव्या चकाकीवर शंका आधी येते.

हा चौथा मुद्दा वाचला आणि मी पुस्तक मिटलं. फर्स्ट इयरला वर्कशॉप नवीन नवीन शिकलो होतो, तेव्हा आजोबांचं पितळी होकायंत्र पॉलिश पेपरने घासून आरशासारखं केलं होतं. आजोबा ओव्हरसियर होते. त्यांनी ते हातात घेतलं आणि झाकणावर अंगठा फिरवत काहीतरी शोधत राहिले. मग म्हणाले, "छान चमकतंय रे." नोकरी लागली त्या वर्षी त्यांनी खिळ्याने तिथे स्वतःचं नाव आणि साल कोरलं होतं, हे आजीने मला नंतर सांगितलं.

वॉकर विकत घेणं आपल्याला या जन्मी जमणार नाही. पण घराच्या माळ्यावर घड्याळ, अडकित्ता, तराजू काही ना काही असतंच. तेव्हा मित्रांनो, आधी त्यावरची अक्षरं वाचा, वहीत उतरवून घ्या, घरातल्या मोठ्यांना विचारा. धूळ झटकायला मऊ फडकं पुरे. पॉलिश पेपर वर्कशॉपच्या जॉबसाठी ठेवा.