उन्हाळ्यात परसबाग जगवताना

मार्चमध्ये कडुनिंबाचा पाला अंगणभर गळतो आणि घरोघरी तो झाडून पेटवला जातो. उन्हाळ्यातली ओल टिकवायचे फुकटचे साधन तिथेच जळून जाते! हा पाला झाडांच्या आळ्यात 2-3 इंच पसरा. बुंध्यापासून चार बोटे लांब, नाहीतर वाळवी लागते. उसाच्या भागात पाचट, भाताच्या भागात तूस चालेल. काळ्या जमिनीला भेगा पडल्या असतील तर आधी खुरपून त्या बुजवा, मगच आच्छादन करा. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ हे ज्वारीच्या रानातले बोलणे वाफ्यालाही लागू आहे.

पाणी बुंध्यात ओतू नका. पाणी शोषणारी बारीक मुळे बरीचशी घेराच्या कडेला असतात. भर दुपारी सावलीची कड जिथे पडते, तिथे वीतभर रुंद चर गोल काढून पाणी द्या. लिंबाला तर हे बांगडी आळेच हवे; बुंधा सतत ओला राहिला की डिंक्या येतो. मोठ्या झाडाला रोज बादलीभर पाणी दिले तर मुळे वरच राहतात. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा, पण खोल मुरेल इतके द्या. वरची माती बघून फसू नका. वीतभर उकरून माती मुठीत दाबा. गोळा झाला तर अजून थांबायला हरकत नाही.

दोडका, कारल्याच्या वेलांजवळ भाजलेले, पण रंग न दिलेले मडके गळ्यापर्यंत पुरा. भरून ठेवले की ते मुळांशीच पाझरते. तोंडावर झाकणी हवी, नाहीतर डास होतात. क्षाराने छिद्रे बुजलेला जुना माठ मात्र उपयोगाचा नाही.

हिरवळीचे लाड आम्हाला पटत नाहीत. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 1 लिटर. कडक उन्हात दिवसाला 5-6 मिलिमीटर धरले, तर 10 बाय 10 फुटांच्या तुकड्याला रोज सुमारे 50 लिटर लागतात. हरळी असेल तर खुशाल पिवळी पडू द्या. पावसात ती पुन्हा फुटते.

मोरीचे पाणी केळी, अळू, कर्दळीकडे वळवा. वॉशिंग मशीनचे साबणपाणी पालेभाजीला नको. त्यातल्या सोडियमने काळी माती चोपण होते. आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारे पाणीही खारवट असते, तेव्हा कुंड्यांना ते साध्या पाण्याशी आलटून-पालटूनच द्या.