मोटारीची नाडीपरीक्षा

विद्यार्थिमित्रहो, जुने वैद्य रोग्याच्या मनगटावर तीन बोटें ठेवून देहांतील बिघाड ओळखीत असत, हें आपण वडील माणसांकडून ऐकलें असेल. मोटारी दुरुस्त करणारे जुने मिस्त्रीही कांहींसे तसेच. इंजिनाचा आवाज ऐकून, धुराचा रंग पाहून व प्लगवरची काजळी बोटानें घासून ते निदान करीत. आज त्याच मिस्त्रीच्या हातीं एक लॅपटॉप व एक केबल आलेली दिसते. केबल गाडीला जोडली कीं पडद्यावर आंकडे उमटूं लागतात आणि पाहणारास वाटतें कीं, निदानाचें काम आतां यंत्रानेंच पत्करलें. हा समज कितपत खरा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ही सोय कशासाठीं निर्माण झाली तें पाहूं. १९४३ सालच्या जुलै महिन्यांत अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरावर डोळ्यांची आग करणारें दाट धुरकें पसरलें. त्याचें कारण आरंभीं कोणास उमगेना. १९५० नंतर थोड्याच वर्षांत हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, मोटारींच्या धुरांतील वायूंवर सूर्यकिरणांची क्रिया होऊन असें धुरकें तयार होतें. पुढें धुराला आळा घालणारे कायदे होत गेले. परंतु नव्या गाडीचा धूर स्वच्छ असला तरी कांहीं वर्षांनीं तो तसाच राहील याची हमी कोणी द्यावी, हा प्रश्न उरलाच. तेव्हां गाडीनें स्वतःच स्वतःवर लक्ष ठेवावें, असा नियम कॅलिफोर्निया राज्यानें १९८८ सालच्या गाड्यांपासून लागू केला. १९९६ पासून अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींस एकाच घाटाचें सॉकेट व बिघाडांचे समान सांकेतिक क्रमांक सक्तीचे झाले. या पद्धतीस ओबीडी-२ असें म्हणतात. आपल्या देशांत तिची पहिली पायरी एप्रिल २०१० मध्यें व दुसरी एप्रिल २०१३ मध्यें आली. सारांश, आज मिस्त्रीला उपयोगी पडणारी ही युक्ति मूळांत नागरिकांच्या छातींत स्वच्छ हवा जावी म्हणून योजिलेली आहे.

आतां तिची रचना पाहूं. इंजिनावर ठिकठिकाणीं सेन्सर बसविलेले असतात. कोणी पाण्याची उष्णता मोजतो, कोणी आंत येणारी हवा, तर कोणी धुरांत प्राणवायु किती उरला तें सांगतो. हे सर्व निरोप ईसीयू नांवाच्या लहानशा संगणकाकडे जातात आणि पेट्रोल किती सोडावयाचें व ठिणगी केव्हां पाडावयाची हें तो ठरवितो. एखादा निरोप मर्यादेबाहेर गेला, तर ईसीयू त्याची नोंद करून ठेवतो व चालकापुढील पिवळा दिवा लावतो. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूस सोळा टोंकांचें सॉकेट असतें. त्याच्या १६ व्या टोंकास बॅटरीची वीज असते, ४ थें व ५ वें टोंक अर्थचें, आणि अलीकडच्या गाड्यांत ६ व्या व १४ व्या टोंकांतून संदेशांची ये-जा चालते. केबलचें एक टोंक येथें व दुसरें लॅपटॉपला जोडून चावी फिरविली म्हणजे प्रश्नोत्तरें सुरू होतात.

हीं प्रश्नोत्तरें केवळ संख्यांचीं असतात. इंजिन मिनिटास किती फेरे घेतें असें सॉफ्टवेअरनें विचारलें, तर ईसीयू दोन संख्या धाडतो. पहिलीस २५६ नें गुणावें, त्यांत दुसरी मिळवावी व येईल त्यास ४ नें भागावें. समजा, १२ व १२८ या संख्या आल्या. १२ × २५६ = ३०७२; ३०७२ + १२८ = ३२००; ३२०० ÷ ४ = ८००. म्हणजे गाडी उभी असून इंजिन संथपणें चाललें आहे. पाण्याच्या उष्णतेसाठीं एकच संख्या येते व तींतून ४० वजा करावयाचे. १३० आले तर उष्णता ९० अंश सेल्सिअस. हे ४० कशासाठीं? शून्याखालची थंडीही ऋण चिन्हावांचून कळवितां यावी म्हणून. गणिताच्या तासाला खिडकीबाहेर पाहणाऱ्या मित्रांनीं हें ध्यानांत घ्यावें.

बिघाडाची नोंद मात्र एका अक्षरानें व चार स्थानांच्या क्रमांकानें होते. पी हें अक्षर इंजिन व गिअर यांचें. पी ०३०१ याचा अर्थ पहिल्या सिलिंडरमध्यें पेट्रोल नीट पेटत नाहीं; पी ०१७१ याचा अर्थ मिश्रणांत हवेच्या मानानें पेट्रोल कमी पडतें. येथेंच पुष्कळांची फसगत होते, आणि ती कशी होते हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आपल्या गाडींतून शाळेच्या मुलांची ने-आण करतात. घराचा सारा खर्च त्यावरच चालतो. एका पावसाळ्यांत त्यांच्या गाडीचा पिवळा दिवा लागला. एका गॅरेजमध्यें केबल जोडण्यांत आली व पी ०१७१ हा क्रमांक निघाला. मिश्रणाची तक्रार प्राणवायूचा सेन्सर करतो, तेव्हां तोच बिघडला असें ठरवून तो बदलण्यांत आला व नोंद पुसण्यांत आली. दिवा विझला. कित्येक हजार रुपये गेले, आणि नवव्या दिवशीं दिवा पुन्हां लागला. आतां दुरुस्ती करावी कीं मुलाची फी भरावी, असा पेंच त्या गृहस्थांपुढें पडला.

शेवटीं ते गाडी घेऊन एका वृद्ध मिस्त्रीकडे गेले. आम्हीही सोबत होतों. मिस्त्रीनें लॅपटॉप उघडला, पण क्रमांक पाहून तो थांबला नाहीं. इंजिन तापूं देऊन तो एकाच आंकड्याकडे पाहत राहिला. पेट्रोल व हवा यांचें प्रमाण वजनानें सुमारें १ ला १४.७ असावें लागतें. तें राखण्यासाठीं ईसीयू नेहमीपेक्षां किती टक्के पेट्रोल अधिक अथवा उणें सोडीत आहे, हें हा आंकडा सांगतो. त्यास फ्युएल ट्रिम म्हणतात. संथ चालीवर तो २२ टक्के अधिक दिसला. मग मिस्त्रीनें इंजिनाचे फेरे २५०० पर्यंत वाढविले, तों आंकडा ४ वर उतरला. "बाहेरची हवा कुठून तरी चोरून आंत येतेय," तो म्हणाला.

हें त्यानें कसें ओळखलें? तांब्याभर ताकांत वाटीभर पाणी पडलें तर चटकन कळतें. हंडाभर ताकांत तेंच कोणास जाणवत नाहीं. संथ चालीवर इंजिन थोडीच हवा ओढतें, म्हणून फटींतून शिरलेली हवा मोठा वांटा ठरते. वेग वाढला कीं तोच वांटा नगण्य होतो. पेट्रोलचा पंप मंदावला असता, तर उलट वेग व भार वाढतांना तूट वाढली असती. मिस्त्रीनें बॅटरी घेऊन इंजिनामागील रबरी नळ्या एकेक करून तपासल्या. एक नळी वांकणापाशीं चिरली होती. ती बदलण्यास अर्धा तास लागला, आणि तिची किंमत सेन्सरच्या विसाव्या हिश्शाइतकीही नव्हती. जुना सेन्सर आरंभापासून खरेंच सांगत होता; खरें बोलणाऱ्या साक्षीदारालाच शिक्षा झाली होती.

निघतांना मिस्त्री म्हणाला, "कोड म्हणजे पत्त्यांतली गल्ली, साहेब. घर आपणच हुडकायचं असतं." हें वाक्य आमच्या मनांतून अद्याप गेलें नाहीं.

ज्या पालकांच्या घरीं मोटार आहे, त्यांनीं अशी केबल अवश्य वापरावी. पण चार गोष्टी पाळाव्या. गाडी उभी असतांनाच तपासणी करावी. बॅटरी क्षीण असल्यास आधीं ती भारून घ्यावी, कारण अपुऱ्या विजेनें खोट्या तक्रारी उमटतात. सॉफ्टवेअरनें केवळ वाचन करावें. ईसीयूमधील मूल्यें बदलण्याच्या फंदांत पडूं नये. आणि नोंद पुसण्यापूर्वीं ती कागदावर उतरून घ्यावी. बिघाडाच्या क्षणीं वेग किती, उष्णता किती, हें सारें ईसीयूनें टिपलेलें असतें व नोंदीबरोबर तेंही पुसलें जातें. शिवाय पुसणें लपतही नाहीं; पुसल्यावर गाडीच्या आत्मपरीक्षणाचे खाने कोरे होतात व ते पुन्हां भरण्यास गाडी बरीच चालवावी लागते. अमेरिकेंतील अनेक राज्यांत धुराच्या तपासणीला आलेली गाडी असे कोरे खाने फार आढळल्यास परत पाठविली जाते.

विद्यार्थ्यांनो, प्रगतिपुस्तकावरील तांबडी रेघ खोडल्यानें विषय पक्का होत नाहीं, हें आपण जाणतां. दिव्याचेंही तसेंच आहे. आंकडे खरें सांगतात, परंतु ते अर्धेंच सांगतात. उरलेलें अर्धें विचारानें व मेहनतीनें शोधावें लागतें. केबल कोणासही विकत मिळते. त्या मिस्त्रीची धीरानें पाहण्याची संवय मात्र ज्यानें त्यानें स्वतःच कमवावयाची आहे.