‘तरंगिणी’ची अटलांटिक-यात्रा

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातून निघालेला प्रवासी शंभर-एक किलोमीटरवरील अजिंठ्यास पोहोचला आणि दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात शिरला, म्हणजे तेथे त्याला एक जहाज पाहावयास मिळते. समुद्रापासून इतक्या दूर, डोंगराच्या पोटात रंगविलेल्या या जहाजाला तीन डोलकाठ्या आहेत. त्यावर मांडलेले रांजणही चित्रकार विसरलेला नाही.

तीन डोलकाठ्यांचेच, परंतु आजच्या काळातील एक जहाज भारतीय नौदलाजवळ आहे. त्याचे नाव ‘तरंगिणी’. गोव्यातील वास्को येथील गोदीत ते बांधले गेले आणि १९९७ साली नौदलात दाखल झाले. त्याची लांबी ५४ मीटर आहे. त्यावर यंत्रे आहेत. तरीही तरुण नौसैनिकांना वारा, लाटा आणि दोरखंड यांची प्रत्यक्ष ओळख व्हावी, म्हणून ते शिडांवर हाकारले जाते.

२०१८ च्या एप्रिल महिन्यात ‘तरंगिणी’ने कोची बंदर सोडले. सुएझचा कालवा व भूमध्य समुद्र मागे टाकून जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून ती अटलांटिक महासागरात आली.

येथून पुढची वाट सोपी नाही. उन्हाळ्यात पोर्तुगालच्या किनाऱ्यावर उत्तरेकडून वारा वाहतो. लिस्बनहून दक्षिणेस निघणाऱ्या नाविकांना तो अनुकूल असे. १४९७ च्या जुलैत वास्को द गामा निघाला, तो याच ऋतूत. उत्तरेस जाणाऱ्याला मात्र तोच वारा समोरून भेटतो. आडव्या शिडांचे जहाज वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. कधी डावीकडे, कधी उजवीकडे असे नागमोडी वळणे घेतच त्याला पुढे सरकावे लागते, आणि प्रत्येक वळणावर शिडे फिरविताना अनेक हात एकाच वेळी दोरांना लागावे लागतात.

स्पेनचे वायव्य टोक ओलांडले की बिस्केचा उपसागर लागतो. जुने खलाशी याच्या नावाने धास्तावत, ते उगीच नव्हे. दक्षिणेस स्पेन, पूर्वेस फ्रान्स आणि पश्चिमेस मोकळा महासागर! चार हजार मीटरांहून खोल पाण्यातून आलेल्या लाटा फ्रान्सजवळ दोनशे मीटरांहून उथळ तळावर चढतात आणि उंच व उभ्या होतात. त्यातच पश्चिमेचा वारा सुटला, तर तो जहाजाला किनाऱ्याकडे रेटतो. वळण्यास जागा कमी कमी होत जाते. खवळलेल्या समुद्रापेक्षा जवळ येणारी जमीनच तेव्हा अधिक भयंकर ठरते.

‘तरंगिणी’ हा उपसागर पार करून जून महिन्यात फ्रान्समधील बोर्दो येथे, शिडांच्या जहाजांच्या मेळाव्यास पोहोचली. बोर्दो हे बंदर खरे, पण ते समुद्रापासून सुमारे शंभर किलोमीटर आत, गारोन नदीवर वसले आहे. भरतीचे पाणी तेथवर चढते. कोकणातील वाशिष्ठीच्या खाडीत गलबते भरती साधून दाभोळहून गोवळकोटपर्यंत जात, तशीच तेथेही मोठी जहाजे भरतीची वेळ पाहून वर येतात.

पुढे इंग्लंड व नॉर्वेचे किनारे पाहून, सुमारे सात महिन्यांनी, ऑक्टोबरात ती कोचीस परतली.